गुळावर पाठ केलेली वचनं

चैत्र लागला की आमच्या भागात सगळ्यांच्या मोबाइलवर देवांची गर्दी होते. आज या गावच्या यात्रेची पत्रिका, उद्या त्या गावच्या. वर देवाचा फोटो, त्याखाली बैलगाड्यांच्या शर्यतीची वेळ, त्याखाली तमाशा, आणि सगळ्यात शेवटी पाहुण्यांना आग्रहाचं निमंत्रण. जुन्नर-आंबेगावात यात्रा नसलेलं गाव शोधून सापडायचं नाही. मी जन्माने ख्रिस्ती, पेशाने प्राथमिक शाळेची बाई, आणि गेली कित्येक वर्षं राहायला पिंपळवंडीत. त्यामुळे देव कोणाचाही असो, जेवणाचं बोलावणं मला चुकत नाही. ज्यांना मी बाराखडी गिरवायला लावली, त्यांची पोरं आता माझ्या वर्गात आहेत. यंदाची पहिली पत्रिका परवा आली. ती मी मोबाइल डावीकडे सरकवून, डाव्या डोळ्याने वाचली. उजव्याला मोठं ते दिसतं, बारीक ते दिसत नाही.

डोळ्याची ही वाटणी झाली त्याला काही वर्षं झाली. तरी भोंगा वाजला, शर्यतीच्या घाटातून, म्हणजे बैल पळवायच्या धावपट्टीवरून, निवेदकाचा घसा बसलेला आवाज शिवारावरून आला, की मला तो एकच चैत्र आठवतो.

ज्यांना आमच्याकडची यात्रा माहीत नाही त्यांना हे सांगायला हवं की यात्रेत मुख्य काम जेवण्याचं असतं. देवदर्शन होतं, बैल पळतात, पोरं पाळण्यात बसून ओरडतात, ते सगळं खरं. पण पाहुणा आला की त्याने घरटी ताटावर बसायचं असतं. एका घरी जेवून दुसऱ्या घरी गेलात तर तिथेही पाट मांडलेला. पोट भरलंय म्हणालात तर 'मंग आमचं काय चुकलं' असा चेहरा समोर येतो. पहिल्या दिवशी पुरणपोळी, तिच्यावर धार धरून तूप, वाटीत गुळवणी. निघताना हातात शेव-रेवडीचा पुडा. मला हे फार आवडायचं. इतरांना आग्रह करावा लागायचा, मला नुसतं वाढावं लागायचं. यात्रेच्या हंगामात मी साडीच्या निऱ्या जरा सैल खोचायची, आणि बाया त्यावरून मला हसायच्या.

त्या वर्षी थंडी संपता संपता माझ्या फळ्यावरची ओळ वाकडी जायला लागली. मी सरळ लिहायची आणि मुलं म्हणायची, बाई, अक्षरं डोंगर चढतायत. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. नारायणगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, बराच वेळ आत पाहिलं, आणि मग खुर्ची माझ्याजवळ ओढून बसल्या. शुगरमुळे डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक नसा गळायला लागल्या होत्या. इंजेक्शन देऊ, लेझर करू, असं सगळं त्यांनी समजावून सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "हे मी बाहेरून करीन. पण खाणं तुमच्या हातात आहे. शुगर अशीच राहिली तर तुमचं वाचणं जाईल."

आंधळी व्हाल असं त्या म्हणाल्या असत्या तर मी इतकी घाबरले नसते. वाचणं जाईल म्हणाल्या. पहिलीच्या वर्गाला वाचायला शिकवणाऱ्या बाईचं वाचणं गेलं तर तिने सकाळी उठून जायचं कुठे?

मी काय खायची हे आता सांगायला लाज नाही. दुपारी खायची. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते, बारा वाजता पोरं घरी पळतात आणि पुढची सगळी दुपार माझ्या अंगावर येते. यजमान गेलेले, मुलगी पुण्याला नोकरीवर. दाराला कडी लावून मी फळीवरचा डबा काढायची. खारी, फरसाण, पेढे, काही नसलं तर पोळीवर तूप-साखर. उभ्याउभ्याच खायची. ताटात घेऊन बसलं की जेवण होतं, उभ्याने खाल्लं की ते मोजलं जात नाही, असा काहीतरी हिशोब मनाशी होता. भूक नव्हती. भूक असती तर भाकरीने भागली असती. डबा रिकामा झाला की घर आणखी शांत वाटायचं, आणि मग मी झोपून जायची.

डॉक्टरांकडून आले आणि मला आई आठवली. आई जुन्नरच्या एका दवाखान्यात परिचारिका होती. पांढरं पातळ, बारीक चण आणि कडक शिस्त. रविवारी देवळातून, म्हणजे चर्चमधून, आल्यावर ती मला पवित्र शास्त्रातलं एक वचन पाठ करायला द्यायची आणि पुढच्या रविवारी म्हणून घ्यायची. अडखळले तर पुन्हा पहिल्यापासून. देवाची वचनं मधापेक्षा गोड आहेत, असं एका स्तोत्रात आहे. आईने ते अगदी शब्दशः घेतलं होतं. मध काही रोज मिळायचा नाही, म्हणून वचन बिनचूक आलं की ती माझ्या जिभेवर गुळाचा खडा ठेवायची. "गोड आहे ना?" असं विचारायची. मी मान हलवायची. ती वचनाबद्दल विचारत असायची, मी गुळाबद्दल सांगत असायची. दोघींचंही समाधान व्हायचं.

अडचणीच्या वेळी वचन म्हणावं, मन आवरतं, असं ती म्हणायची. कठीण प्रसंगांत मी तिला तसं करताना पाहिलं होतं. रात्रपाळीला निघताना ओठ हलायचे, वडलांच्या आजारपणात तर सतत हलायचे. तेव्हा मीही ठरवलं. दुपारी हात डब्याकडे गेला की डोळे मिटायचे आणि एक वचन म्हणायचं. पाठ तर ढीगभर होती. औषध घरातच असताना बाहेर कशाला शोधायचं?

पहिल्या दुपारी सुरुवात केली. माणूस नुसत्या भाकरीवर जगत नाही, या अर्थाचं ते सगळ्यांना ठाऊक असलेलं वचन सावकाश, अर्थ मनात घेत म्हटलं. मन खरंच शांत झालं. शेवटचा शब्द संपला आणि माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं की काय सांगू. डोळे उघडले तेव्हा मी गुळाच्या डब्याचं झाकण काढत होते. दुसरं वचन म्हणून पाहिलं, तेच. तिसरं, तेच. जितकं वचन बिनचूक यायचं तितकी जीभ पुढे व्हायची. आईने इतक्या प्रेमाने ती गाठ मारून ठेवली होती की वचन संपलं की गूळ मिळणार हे माझ्या जिभेला कोणी सांगावं लागत नव्हतं. आठवडाभर मी भक्तिभावाने वचनं म्हटली आणि भक्तिभावाने गूळ खाल्ला. शुगर आणखी वाढली.

हे मी कोणाला सांगणार नव्हते. पण शेजारच्या सिंधूताईंनी पाहिलं. त्यांचं घर आणि माझ्या खोल्या यांच्यामध्ये एक कढीपत्त्याचं झाड, एवढंच अंतर. ताक द्यायला त्या मागच्या दाराने आल्या आणि मी डोळे मिटून, हात जोडून, गाल फुगलेला अशी सापडले. मग सगळं सांगावं लागलं. डोळ्याचं, शुगरचं, आईचं, गुळाचं. सिंधूताई जमिनीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मग हसता हसता थांबल्या आणि माझ्या डोळ्याकडे बघत राहिल्या. ताकाचा तांब्या ठेवून त्यांनी गुळाचा डबा उचलला, बगलेत मारला, आणि उद्यापासून दुपारी घरात थांबायचं नाही, आमच्या कांद्याला यायचं, असं सांगून निघून गेल्या.

तेव्हा कांदा काढणीचे दिवस होते. शेतात कांदा उपटून वाळत घातलेला, आणि दुपारच्या उन्हात आंब्याखाली बाया विळ्याने त्याची पात कापत बसलेल्या. मीही एक पोतं अंथरून बसले. विळा मला नीट धरता येत नव्हता. बायांनी पहिल्या दिवशी माझ्या कापलेल्या ढिगाकडे पाहून एकमेकींना खुणा केल्या. वाळक्या पातीचा वास, बोटांना लागलेली माती, डोळ्यांतून वाहणारं पाणी. तिथे कोणी गोड खाऊच शकणार नाही. सोबत मीठ-मिरची आणि भाकरी.

मग तिथेच मी नवी वचनं पाठ करायला लागले. ज्यांना गूळ कधी लागलाच नव्हता अशी. सकाळी घरी भिंग घेऊन एक वचन वाचायचं, दुपारी कांद्यावर घोळवायचं. आधी मनात म्हणायची, पण बायांच्यात मनात काही ठेवता येत नाही. मोठ्याने म्हणा, असा हुकूम झाला. पहिलं होतं ते तोंडाच्या राखणीचं. देवा, माझ्या ओठांच्या दारावर राखणदार ठेव, अशा अर्थाचं. ते खरं तर वाईट बोलू नये म्हणून आहे, खाण्याशी त्याचा संबंध नाही, हेही मी प्रामाणिकपणे सांगितलं. सिंधूताईंनी विळा थांबवला नाही. म्हणाल्या, "दार तर येकच हाय, बाई. आत जायला बी तेच आन भाईर यायला बी तेच. राखन येकदाच बसवायची."

रानात भाकर देणाऱ्या देवाची गोष्ट बायांना लई आवडली. देवाने लोकांना आकाशातून अन्न दिलं आणि बजावलं, रोज लागेल तेवढंच वेचा. ज्यांनी उद्यासाठी लपवून ठेवलं त्यांच्या अन्नात किडे पडले. साठवणीच्या बराखीत कांदा सडताना पाहिलेल्या बाया होत्या त्या, त्यांना हे पटवून द्यावं लागलं नाही. पुढची गोष्ट सांगताना मात्र मीच गडबडले, कारण पुढे ते लोक त्या देवाच्या अन्नाला कंटाळतात आणि मागे सोडलेल्या देशातला कांदा आणि लसूण आठवून रडतात. बायांचे विळे थांबले. मग एक म्हातारी, विळा मांडीवर ठेवून, विचारती झाली, "म्हंजी तुमच्या शास्त्रात कांदा बी हाय?" आहे म्हणाले. तिने हातातला कांदा उलटासुलटा करून पाहिला आणि ढिगात टाकण्याऐवजी हळूच ठेवला.

माझं मन कांद्यावर बसलं म्हणून सगळं सरळ झालं असं नाही. वर्गातल्या एका पोराच्या वाढदिवसाचा पेढा मी एकदा खाल्ला, आणि एक खाल्ला म्हणून आणखी खाल्ले. त्या दुपारी मी कांद्यावर गेले नाही. सिंधूताई संध्याकाळी आल्या, काही विचारलं नाही, दारात बसून लसूण सोलत राहिल्या. जाताना म्हणाल्या, उद्या या. एवढंच. मला वाटतं माझ्या आयुष्यात मला कोणी इतक्या कमी शब्दांत माफ केलं नव्हतं. आजही मी स्वैपाकघरात कांदा चिरायला घेतला की राखणीचं वचन आपोआप ओठांवर येतं, आणि ते संपल्यावर तोंडाला पाणी सुटत नाही. डोळ्यांना सुटतं, पण ते कांद्यामुळे.

उजवा डोळा पुरता परत आला नाही. मधोमध एक धुरकट डाग राहिला आहे, माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर नाक दिसत नाही. डावा राहिला. डाव्याने मी अजून फळ्यावर ओळ सरळ लिहिते, पत्रिका वाचते, शास्त्र वाचते. डॉक्टर दर वेळी आत बघतात आणि म्हणतात, थांबलंय. पण त्या चैत्रात हे काही माहीत नव्हतं. तेव्हा इंजेक्शनं चालू होती, शुगर नुकती कुठे खाली यायला लागली होती, आणि यात्रा तोंडावर आली होती.

मला त्या दिवसाची धडकी भरली होती. कांद्यावर राहणं वेगळं आणि पुरणाच्या वासात बसणं वेगळं. शिवाय नुसत्या मोहाचं भय नव्हतं. पंगतीत सगळ्यांना पोळी आणि मला एकटीला कोरडी भाकरी, मग प्रत्येकाने विचारायचं, बाईंना काय झालं, आणि सिंधूताईंनी सांगत बसायचं, हे मला नको होतं. आजाऱ्याचं ताट दुरून ओळखू येतं. त्यापेक्षा पुण्याला मुलीकडे निघून जावं, असं मनात होतं. तसं मी सिंधूताईंना म्हणालेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ताक आणून देऊ का. मी जाणार नाही हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

यात्रेच्या दिवशी पहाटेपासून त्यांच्या घरात भांड्यांचा आवाज चालू होता. मी मदतीला जाऊ लागले तर दारातूनच परत पाठवलं, तुमी जेवायलाच या म्हणून. दुपारी गेले. अंगणात मांडव घातलेला, आंबेगावकडून त्यांच्या माहेरची माणसं आलेली, घोडेगावचा भाऊ, जावा, दीर, पोरंसोरं. लांबून बैलगाड्यांच्या निवेदकाचा आवाज येत होता. मला पंगतीत मधोमध बसवलं, बाईंचा मान म्हणून. कडेला बसले असते तर निदान लवकर उठता आलं असतं. मी डोळे मिटले, हात मांडीवर घेतले आणि राखणीचं वचन सुरू केलं. एकदा म्हटलं. परत म्हटलं. माझ्यापुढे ताट आल्याचा आवाज झाला, तरी डोळे उघडायचा धीर होईना.

मग वास आला. तो वेलदोड्याचा नव्हता, गुळाचा नव्हता, तुपाचाही नव्हता. भाजलेल्या तिळाचा, खोबऱ्याचा, लसणाचा होता. डोळे उघडले. ताटात मासवडी होती. बेसनाचं घट्ट पीठ ओल्या फडक्यावर थापून, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून, गुंडाळी करून कापलेल्या वड्या. बाजूला लाल रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. आमच्या भागात मासवडी म्हणजे मोठ्या पाहुण्याचं जेवण, पण यात्रेच्या पहिल्या दिवशी ती कोणी करत नाही. मला वाटलं, आलं शेवटी माझं वेगळं ताट. खाली मान घालून मी शेजारच्या ताटात पाहिलं.

तिथेही मासवडी. पलीकडेही. समोरच्या ओळीत, पोरांच्या ताटात, घोडेगावच्या भावाच्या ताटात, सगळीकडे तेच. इतक्या माणसांच्या मासवड्या, एकेक फडक्यावर थापून, एकेक गुंडाळून. पहाटेपासूनचा तो भांड्यांचा आवाज मला आत्ता समजला. दिराने ताटाकडे पाहिलं आणि विचारलंच, वहिनी, यात्रेला पुरण नाही? पाहुणे काय म्हणतील?

सिंधूताई रश्शाचं पातेलं घेऊन पंगतीतून वाकून चालल्या होत्या. "देवाला निवद पुरनाचाच दावलाय," त्या म्हणाल्या. "देवाला शुगर न्हाई."

पंगत हसली. दीरही हसले आणि भाकरी मोडायला लागले. मला हसता येईना. सिंधूताई माझ्यापाशी आल्या, वाटीत रस्सा घातला, आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "तुमाला यकटीलाच येगळं वाढायचं माझ्या जिवावर आलं, बाई."

मेंढपाळाचं एक स्तोत्र आहे. आमच्यात लहान लेकरालाही ते येतं, मयताच्या वेळीही तेच म्हणतात. त्यात मधेच अशा अर्थाची एक ओळ येते की शत्रूंच्या देखत देव माझ्यापुढे ताट वाढतो. इतकी वर्षं ती ओळ मी घडाघडा म्हणत आले आणि इतकी वर्षं मला ती थोडी विचित्र वाटायची. शत्रू समोर असताना देवाने तलवार द्यावी, पळायला वाट द्यावी, ताट कशाला वाढावं? त्या मांडवात, अधू डोळ्याने, मी वाकलेल्या सिंधूताईंकडे पाहिलं. कपाळावर घाम, हाताला बेसन, पदर खोचलेला. ओळ माझ्या तोंडातून बाहेर पडली नाही, पण मला ती कळली.

मी जेवले. सावकाश, बसून, माणसांत जेवले. रस्सा तिखट होता, नाक वाहत होतं, शेजारची बाई मला शर्यतीत कोणाचा बैल पहिला आला ते सांगत होती आणि मी ऐकत होते. सिंधूताई परत फिरून आल्या, आणखी एक वडी घेऊन. मी ताटावर हात आडवा धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आग्रह केला नाही, आणि पुढच्या ताटाकडे गेल्या. माझं पोट भरलं होतं.